दोघी आणि एक बादली

लोक तिला बॅटरीताई म्हणतात. बाजारामागच्या गल्लीत, सायकलवाला आणि काचवाला यांच्या मधे तिचं दुकान आहे. म्हणजे बाबांचं. पण गेली आठ वर्षं बाबा दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारण्यापलीकडे काही करत नाहीत. दुकानात भिंतीला लागून काळ्या बॅटऱ्यांची रांग, कोपऱ्यात चार्जर, त्याचा एकसुरी गुणगुणाट आणि हवेत कायम आम्लाचा आंबूस वास. तो वास ताईच्या केसांत, उशीत, डब्यातल्या पोळीतही असतो. तिला तो येत नाही. दुसऱ्यांना येतो, हे तिला ठाऊक आहे.

कामाच्या वेळी ती बाबांचा जुना शर्ट कपड्यांवरून घालते. त्याला भोकंच भोकं. ॲसिडचा थेंब पडतो तेव्हा काही दिसत नाही. कापड शाबूत असतं, माणूस म्हणतो, वाचलो. मग चार दिवसांनी शर्ट धुवायला काढला की पाण्यातच तेवढा तुकडा गळून पडतो.

बॅटरीच्या अंगावर टिचकी मारून आतलं पाणी कुठवर आहे ते ती सांगते. काचेच्या नळीनं आम्ल ओढून आतला तरंगता काटा बघते, पण तो बघण्याआधी आकडा तिच्या मनात ठरलेला असतो आणि सहसा चुकत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही. सातवी झाली, आई अंथरुणाला खिळली, घरात कुणीतरी थांबायला हवं होतं. ती थांबली. दुपारी आई झोपली की बाबांच्या दुकानात यायची आणि बघत बसायची. बघता बघता एकतीस वर्षं गेली.

धाकटी मात्र शिकली. सहा वर्षांनी लहान. तिनं विजेचा डिप्लोमा केला, मोठ्या कारखान्यात नोकरी केली, आणि दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडल्यावर एक सुटकेस आणि एक टेबल घेऊन परत आली. टेबल तिनं दुकानात ठेवलं. नेमकं तिथं, जिथून बाबांची खुर्ची, दरवाजा आणि गिऱ्हाईक तिन्ही दिसतात.

त्या टेबलाचा ताईला राग होता. टेबलावरच्या कॅल्क्युलेटरचा, टोक काढलेल्या पेन्सिलींचा, धाकटीच्या सरळ रेषेत चालणाऱ्या अक्षराचा राग होता. धाकटीच्या बोटांना डाग नव्हते, याचाही. सगळ्यात जास्त राग गिऱ्हाइकांच्या आवाजाचा. ताईशी बोलताना त्यांचा आवाज दुकानातला असायचा, "ताई, चालत नाही बघा हो, काय झालं हिला?" आणि टेबलासमोर उभे राहिले की तोच आवाज डॉक्टरसमोरचा व्हायचा. बाबासुद्धा खुर्चीतून ओरडायचे, "धाकटे, यांना जरा नीट समजावून सांग!" जणू ताई इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलत होती.

धाकटी समजावून सांगायची. "हे बघा, बॅटरीवर दोन आकडे असतात. एक व्होल्ट, म्हणजे विजेला ढकलणारा जोर. दुसरा अँपिअर-तास, म्हणजे आतून एकूण किती वीज वाहून जाऊ शकते. नुसत्या जोरानं काम होत नाही, नुसत्या विजेनंही नाही. दोघांचा गुणाकार केला की कळतं, आत ऊर्जा किती आहे. तुमचा पंखा किती वेळ फिरेल, ते त्या गुणाकारावर."

गिऱ्हाईक मान डोलवायचं. ताई पाठमोरी बसून टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्यानं धुवायची आणि ऐकताना एक शब्दही सोडायची नाही. घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तिनं ते गुणाकार करून पाहिले. बारा गुणिले शंभर, बाराशे. बारा गुणिले दीडशे, अठराशे. यात काय एवढं? एवढ्याशा गुणाकारासाठी बाबांनी दुकानाचा निम्मा दरवाजा अडवून टेबल लावू दिलं?

त्या सोमवारी शिंपीदादा आले. शेजारच्या गल्लीत त्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन आणि मागच्या खोलीत आई. आईला तीन महिन्यांपासून ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं. ते हवेतूनच ऑक्सिजन काढून नळीनं तिच्या नाकात सोडायचं. वीज अर्धा तास गेली तर घरात छोटा सिलिंडर होता. पण आता नोटीस आली होती. केबलच्या कामासाठी गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी चार, अख्ख्या भागात वीज बंद.

"सहा तास," शिंपीदादा म्हणाले. "सिलिंडर अर्धा तास. पुढं काय करू?"

ते ताईकडे बघून बोलायला लागले होते. वाक्य संपेपर्यंत टेबलाकडे वळले होते.

"मशीन किती वॅटचं आहे?" धाकटीनं विचारलं.

"मागे तीनशे लिहिलंय."

"तीनशे गुणिले सहा, अठराशे. एवढी ऊर्जा मशीनपर्यंत पोचायला हवी. पण बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, आणि थोडी इन्व्हर्टर स्वतःच खातो. म्हणजे साठा अठ्ठेचाळीसशेच्या आसपास हवा." तिनं कागदावर लिहिलं. अक्षर सरळ रेषेत चाललं. "बाराच्या, शंभरवाल्या चार बॅटऱ्या लागतील."

"चार?" शिंपीदादांनी कपाळाला हात लावला. "धाकट्या ताई, मला आई चालवायची आहे, गिरणी नाही! आणि ठेवू कुठं? माझ्या घरात कात्री ठेवायला जागा नाही."

"आईच्या पलंगाखाली."

"तिथं तिची ट्रंक आहे. ट्रंकेला हात लावला तर विजेआधी मीच जाईन."

बाबा खुर्चीत खो खो हसले. धाकटीही हसली. ताईला हसू आलं होतं, पण ते दोघं आधी हसल्यामुळे तिनं गिळलं.

मंगळवारी धाकटी कामासाठी परगावी निघाली. तेलाच्या कारखान्यात बॅटऱ्यांची खोली लावून द्यायची होती, गुरुवारी दुपारी परत येणार होती.

"ताई, शिंपीदादांचं बुधवारीच लावून टाक. चार. कागद टेबलावर ठेवलाय."

"मला कागद वाचता येतो."

"तसं नाही गं म्हणत मी."

"म्हण की. सगळेच म्हणतात."

धाकटी बॅग उचलून गेली.

ताईनं कागद उचलला. वर मशीनचा हिशेब, आणि खाली एका ओळीत: २४ × २०० = ४८००. बॅटऱ्या ४.

तिनं तो तिच्या पद्धतीनं वाचला. चोवीस व्होल्ट. म्हणजे बारा आणि बारा. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडायच्या, एकीचं धन दुसरीच्या ऋणाला. असे जोड तिनं आयुष्यात हजारदा केले होते. पुढं दोनशे. शंभर आणि शंभर, त्याही दोनच बॅटऱ्या. बारा अधिक बारा चोवीस, शंभर अधिक शंभर दोनशे. चोवीस गुणिले दोनशे, अठ्ठेचाळीसशे.

मग चार कुठून आल्या?

तिनं तीनदा मोजलं. बोटांवर मोजलं. समोरच्या रांगेतल्या दोन बॅटऱ्यांवर हात ठेवून मोजलं. दरवेळी अठ्ठेचाळीसशे. धाकटीचाच आकडा, आणि तो दोन बॅटऱ्यांत पुरा होत होता. बाईसाहेबांनी व्होल्टच्या दोन वेगळ्या धरल्या होत्या आणि विजेच्या दोन वेगळ्या. डिप्लोमा, टेबल, कॅल्क्युलेटर, आणि मोजताना दोनाचे चार!

ताईच्या अंगातून काहीतरी गार आणि गोड सरकत गेलं. टेबलावर फोन होता. एक फोन करून विचारता आलं असतं. तिनं फोनवर हात ठेवलासुद्धा. पण ज्याला जाणून घ्यायचं असतं तो विचारतो. तिला जाणून घ्यायचं नव्हतं. इतक्या दिवसांनी एक गोष्ट फक्त तिची होती.

बुधवारी तिनं शिंपीदादांकडे इन्व्हर्टर बसवला आणि दोन बॅटऱ्या जोडल्या. दोन्ही पलंगाशेजारी, ट्रंकेला धक्का न लावता मावल्या. शिंपीदादांचा जीव भांड्यात पडला.

"पण धाकट्या ताई चार म्हणाल्या होत्या."

"तिचा हिशेब दुप्पट झालाय," ताई टर्मिनलवर व्हॅसलीन लावत, वर न बघता म्हणाली. हे वाक्य तिनं सकाळपासून तयार ठेवलं होतं. "शिकलेल्या माणसांचं होतं असं कधी कधी. कागदावर बघतात ना, बॅटरीकडे बघत नाहीत."

"बरं झालं बाई तुम्ही होतात!"

संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीभर झाली. काचवाला म्हणाला, "अनुभव तो अनुभव." सायकलवाल्यानं दारातून हात उंचावला. आणि बाबा खुर्ची वळवून, डोळे बारीक करून तिच्याकडे बघत म्हणाले, "काय गं, धाकटीची चूक काढलीस म्हणे? वा! आता तूच तिला शिकव."

ताईनं दुकान बंद केलं. घरी गेली आणि जेवायला बसली तेव्हा लक्षात आलं, तिला भूक लागली होती. अशी की वाढून घेतलेलं पुरेना.

गुरुवारी बरोबर दहाला चार्जरचा गुणगुणाट थांबला. दुकान एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं. दुकानावरच्या इमारतीचा पाण्याचा पंपही बंद पडला, आणि वरच्या मजल्यांवरची माणसं बादल्या घेऊन अंगणातल्या नळावर आली. ताईचं दुकान जिन्याला लागून, त्यामुळे सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको पाणी नेत होते. नवरा नळापासून पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत बादली आणायचा. तिथून बायको ती वर न्यायची. एक बादली वर जाऊन रिकामी झाली की खाली यायची आणि पुन्हा भरायची. साडेअकराच्या सुमाराला नवरा धापा टाकत ओरडला, "किती झाल्या?"

"पाच!" वरून आवाज.

"पाचच? मी पाच आणल्या, तू पाच नेल्यास. दहा झाल्या!"

"हो का? तुमच्या हिशेबानं मग समुद्र भरेल घरात!"

जिन्यात हशा झाला. ताईलाही हसू आलं, आणि अर्ध्यावर थांबलं.

तिला दुसरा जिना आठवला. ती बारा वर्षांची, धाकटी सहाची. नळ अंगणात, घर दुसऱ्या मजल्यावर. ती भरलेली बादली पहिल्या मजल्यापर्यंत चढवायची आणि तिथं धाकटी उभी असायची. पुढचा जिना धाकटी न्यायची, दोन्ही हातांनी, एकेक पायरी, अर्धं पाणी पायांवर सांडत. वर दारात आई. आईला जिन्याचं वळण दिसत नसे, बादली घेऊन येणारी धाकटी तेवढी दिसे. "किती पाणी आणलंस गं माझी बाय ती!" खाली वळणावर उभ्या ताईला ते रोज ऐकू यायचं. एकदा ती ओरडलीही होती, "आई, माझ्या पण पाच बादल्या धर!" आई वरून म्हणाली होती, "अगं, पिंपात तर पाचच आल्या. तुझ्या कुठून धरू?"

ताई उठून उभी राहिली.

दोघी होत्या, म्हणून बादली दोन मजले चढली. दोघी होत्या म्हणून बादल्या दोन झाल्या नाहीत. एकामागे एक जोडलेल्या बॅटऱ्याही तशाच. पहिलीतून गेलेली वीज तीच दुसरीतून जाते. दुसरी तिला फक्त आणखी वर चढवते. उंची दुप्पट, पाणी तेवढंच. व्होल्ट चोवीस, पण अँपिअर-तास शंभरच. दोनशे हवे असतील तर दुसऱ्या जिन्यानं आणखी दोघी लागतात, स्वतःची बादली घेऊन.

खडू उचलून तिनं फरशीवर लिहिलं. २४ × १०० = २४००. त्याचं निम्मं बाराशे. त्यातलं इन्व्हर्टर खाणार ते वजा. तीनशेचं मशीन त्यावर जेमतेम तीन तास चालणार होतं. एकच्या सुमाराला बॅटऱ्या निम्म्यावर येतील आणि मग उतरतच जातील. चार वाजायला तिथून तीन तास.

तिनं शंभरवाल्या, भरलेल्या दोन बॅटऱ्या रांगेतून ओढल्या, एकेक करून छातीशी धरून हातगाडीवर चढवल्या. वायरींचं भेंडोळं, पाने, मीटर.

"कुठं निघालीस?" बाबांनी विचारलं.

"शिंपीदादांकडे."

"काय झालं?"

"हिशेबात चूक."

"कुणाची?"

गाडी रस्त्यावर उतरली होती. ताईनं मागं बघितलं नाही.

रस्ता पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांत तिच्या डोक्यात म्हातारीचा विचार यायला हवा होता, आणि आला. पण त्याच्या खांद्याला खांदा लावून दुसराही आला. गुपचूप जोडून टाकू. कुणाला कळणार आहे? धाकटी दुपारी येईल तेव्हा चार बॅटऱ्या असतील आणि सगळं जागच्या जागी असेल. दुसरा विचार आला याची तिला लाज वाटली, तरी तो गेला नाही.

मशीन घरघरत होतं. ताईनं दारात उभं राहून तो आवाज आधी ऐकला आणि मगच चपला काढल्या. म्हातारी पलंगावर उशीला टेकून बसली होती, नाकात नळी.

"ये गं. हे घरघरतंय तोवर मी आहे. हे थांबलं की मी घरघरायला लागेन."

"आई, काहीतरी बोलू नकोस," शिंपीदादा म्हणाले. मग गाडीकडे बघून, "आणखी दोन? अहो, दोन पुरेत म्हणालात ना?"

"असू देत. राखीव." ताईनं ट्रंकेकडे बोट केलं. "आजी, ही जरा सरकवू का?"

"सरकव. पण उघडू नकोस. त्यात माझी सगळी तरुणाई आहे."

ट्रंक सरकली. मीटरचा काटा तिच्या मनातल्या आकड्यावर येऊन थांबला. तिनं नव्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या आणि ती जोडी पहिल्या जोडीच्या शेजारी, धनाला धन, ऋणाला ऋण अशी लावली. शेवटचं टोक टेकवताना चट् करून ठिणगी उडाली. मशीनच्या आवाजात फरकही पडला नाही. तिनं नट आवळला.

ती तिथंच बसून राहिली. शिंपीदादा पुढच्या खोलीत पायानं मशीन चालवत होते. शिलाईच्या फळीवर, काचेखाली एक कागद होता. धाकटीचा. ताईनं बुधवारी इथून जाताना तो चुरगळून टाकला होता. त्यांनी तो हातानं सरळ करून ठेवला होता. चुरगळूनही अक्षर सरळ रेषेतच होतं.

दोनच्या सुमाराला धाकटी आली. खांद्याला बॅग तशीच, दुकानातही न जाता. दारातूनच तिनं पलंगाशेजारी आणि वाकून पलंगाखाली बघितलं. एक, दोन, तीन, चार. तिचा चेहरा सैलावला.

"बरं केलंस ताई, चार लावल्यास. मला सगळा वेळ बसमध्ये वाटत होतं, तू माझं ऐकणार नाहीस."

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. शिंपीदादांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी ताईकडे बघितलं. टाचण्या काढल्या नाहीत, काही बोललेही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गप्प राहणं किती सोपं होतं. धाकटीनंच सोपं करून ठेवलं होतं.

"ऐकलं नव्हतंच," ताई म्हणाली. "काल दोनच लावल्या. तुझं चुकलं म्हणून गल्लीभर सांगितलं. नंतरच्या दोन आत्ता बाराला आणल्या."

धाकटी खाली बसली. "बाराला?"

"हो."

"फोन का नाही केलास?"

"तू सांगितलं असतंस म्हणून."

धाकटीनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "चोवीस आणि दोनशे दोन्ही त्याच दोन बॅटऱ्यांतून धरलेस ना? पहिल्या वर्षाला परीक्षेत मीसुद्धा हेच केलं होतं."

ती समजूत घालत होती हे ताईला कळलं, आणि तेही सोसेना. धाकटीनं ही चूक कागदावर केली होती. दोन मार्क गेले असतील. तिच्या चुकीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नाकात नळी घालून बसलेलं नव्हतं. चुकासुद्धा हिला चांगल्या जागी करायला मिळाल्या.

"कळलं कशावरून मग?" धाकटीनं विचारलं.

"बादलीवरून. दोघी होतो तरी पिंपात पाचच यायच्या."

धाकटीला कळायला एक क्षण लागला. मग तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई! खरंच की!"

"त्यातली अर्धी तू सांडायचीस."

"सहा वर्षांची होते मी!"

"सांडायचीस," ताई म्हणाली.

"भांडा, भांडा," म्हातारी म्हणाली. "मला करमणूक होते."

चारला दहा मिनिटं असताना वीज आली. ताईनं मीटर लावला. बॅटऱ्या निम्म्याच्या थोड्या वर होत्या, जवळपास तिथंच, जिथं धाकटीच्या कागदानं सोमवारी सांगितलं होतं. तिनं मीटर गुंडाळून पिशवीत टाकला.

बाबांना तिनं स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "वाटलंच मला." बुधवारी त्यांना काय वाटलं होतं, ते तिनं विचारलं नाही.

दोन आठवडे गेले. एक छापखानेवाला दुकानात आला, त्याला चार तासांची सोय हवी होती. "दोन बॅटऱ्या जोडल्या की वीज दुप्पट होईल ना?" तो टेबलासमोर उभा राहून म्हणाला. ताई कोपऱ्यात क्षार धूत होती. तिची पाठ ताठ झाली.

"जिना डोळ्यांसमोर आणा," धाकटी सांगू लागली. "एक माणूस बादली पहिल्या मजल्यावर आणतो, दुसरा तीच बादली पुढं दुसऱ्या मजल्यावर नेतो. माणसं दोन, पण बादली?"

"एकच!" छापखानेवाला खुश झाला. "वा, काय समजावता हो तुम्ही!"

ताईच्या हातातला ब्रश थांबला. तीच बादली. जिन्याचं तेच वळण. खाली तीच उभी, आणि वर तीच शाबासकी, त्याच पोरीला. तिच्या छातीत जुनं, ओळखीचं काहीतरी पेटलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. या वेळी ती बरोबर होती. या वेळी तिच्या जळण्याला कारण होतं, आणि ते कुणी नाकारू शकलं नसतं.

"माझं नाही ते," धाकटी पेन्सिल न थांबवता म्हणाली. "बादली ताईची आहे. तिनं शोधलं."

छापखानेवाला वळला. बाबांनी खुर्ची वळवली. ताईनं ब्रश पुन्हा गरम पाण्यात बुडवला आणि टर्मिनल घासायला लागली. घासायला काही उरलं नव्हतं तरी. एवढं एक कारण हाती लागलं होतं, तेही धाकटीनं काढून घेतलं.